थरथरीचा वेग कोणाच्या हातात

वसईच्या किल्ल्यात चर्चांचे मनोरे अजून उभे आहेत, पण त्यांतल्या घंटा पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ दुसऱ्या देवांच्या दारी वाजताहेत. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेनं किल्ला घेतला आणि विजयाची खूण म्हणून घंटा उतरवून नेल्या. त्यांतली एक नाशिकला गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळात. तिच्यावर १७२१ हे साल आहे. एक भीमाशंकराला गेली. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आणि १७०७ हे साल. त्याच घाटावर ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं, त्यामुळे येणारे-जाणारे शाहरुख कुठं उभा होता ते आधी विचारतात. घंटेचा नंबर नंतर.

मी आवाजाच्या धंद्यातला माणूस. वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूला गाळ्यांच्या रांगेत माझा छोटासा स्टुडिओ आहे. एका शेजाऱ्याकडे डब्यांची झाकणं दाबायचं प्रेस, दुसऱ्याकडे प्लास्टिकचं मोल्डिंग. त्यामुळे माझं खरं काम रात्री दोन्ही शटरं पडल्यावर सुरू होतं. भजनं, कोळीगीतं, हळदीची गाणी, नाताळची गाणी, निवडणूक आली की उमेदवारांची गाणी, जे येईल ते. साहजिकच वसईच्या घंटांबद्दल मला पडणारा प्रश्न इतिहासाच्या मास्तरांना पडतो तो नाही. त्या कोणी नेल्या, कुठं नेल्या, हे झालं. पण टोल पडल्यावर त्यांचा आवाज हलतो कसा?

कारण मोठी ओतीव घंटा कधी सरळ वाजत नाही. कितीही काळजीनं ओतली तरी तिची कड सगळीकडून सारख्या जाडीची होत नाही. एका बाजूला दोराभर धातू जास्त बसतोच. मग टोल पडला की एका सुराऐवजी एकमेकांना चिकटून दोन सूर निघतात. समजा एक सेकंदाला २०० कंपनांचा, दुसरा २०२चा. हे दोघं कधी मिळून आवाज वाढवतात, कधी एकमेकांना खोडतात, आणि आपल्याला सेकंदाला दोनदा आवाज फुगल्या-ओसरल्यासारखा ऐकू येतो. लोलक कुठं आपटतो त्यावर ही चढउतार कमी-जास्त जाणवते, पण तिचा वेग बदलत नाही. तो ओतणाऱ्यानं, बहुधा नकळत, साचा भरतानाच ठरवून टाकलेला असतो. पुढं घंटा पाद्री वाजवो की पुजारी.

स्टुडिओत आम्ही ह्या प्रकाराला ट्रेमोलो म्हणतो. सूर जागचा हलत नाही, आवाजाची पातळी तेवढी ठरलेल्या गतीनं खालीवर होते. कॉम्प्युटरवर त्याच्या मुख्य कळा दोनच: वेग किती आणि खोली किती. आजची मुलं हे प्लगइन उघडतात तेव्हा त्यांना वाटतं हे सगळं गिटारवाल्यांकडून आलं. गिटारवाल्यांकडूनही आलं, पण आमच्या ह्या पट्ट्यात ते त्याच्या फार आधी आणि भलत्याच वाटांनी येऊन गेलेलं आहे. प्रत्येक वाटेवर वेगाची कळ वेगळ्या माणसाच्या हातात होती. कधी हातात नव्हती, पायात होती.

पायातली गोष्ट चर्चमधल्या ऑर्गनची. युरोपातल्या मोठ्या नळ्यांच्या ऑर्गनमध्ये हवेचा प्रवाह थरथरवण्याची युक्ती सोळाव्या शतकापासून होती. पण तसला ऑर्गन म्हणजे एका इमारतीत दुसरी इमारत बांधणं. गावातल्या चर्चला परवडली ती पितळी पात्यांची पेटी. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियम बाजारात आणलं. ते हवा बाहेर फुंकणारं. अमेरिकेतल्या कारखान्यांनी उलटा मार्ग धरला, हवा आत ओढणारा. ह्या ओढीच्या पेटीचा आवाज मऊ असतो, आणि आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटलं की सहसा तीच.

आमच्या पॅरिशच्या माळ्यावर अशी एक आहे. मिस्साला आता कीबोर्ड वाजतो, पण ती कुणी काढली नाही, कारण जिन्यावरून खाली आणायची कशी हे कुणालाच सुचलं नाही. समोर खुंट्यांची रांग, गोल पांढऱ्या चकत्यांवर जुन्या वळणाची अक्षरं. एका खुंटीवर ‘व्हॉक्स ह्युमाना’, म्हणजे मानवी आवाज. ऐकल्यावर कुठल्या मानवाचा असा प्रश्न पडतो, पण तो भाग वेगळा. ही खुंटी ओढली की काय होतं ते मागची फळी काढल्याशिवाय कळत नाही.

मी काढली. आत पात्यांच्या पेटीवर, जिथून आवाज बाहेर पडतो त्या फटीशी, एक लांब आडवी पट्टी बारीक दांड्यावर बसवलेली होती. दांड्याच्या टोकाला छोटं पाखं असलेलं चाक, लाकडी डबीत बंद. खुंटी ओढली की डबीची झडप उघडते, भात्याच्या ओढीनं बाहेरची हवा चाकावरून आत शिरते, चाक फिरतं, त्याच्याबरोबर पट्टी फिरते. पट्टी आडवी आली की फट झाकली जाते, उभी झाली की मोकळी. बस, एवढंच. वीज नाही, स्प्रिंग नाही. दांड्याच्या टेकणीखाली मेंढीच्या लोकरीचं जाड कापड होतं. ते अर्धं झुरळांनी खाल्लेलं, आणि पितळेवर खाऱ्या वाऱ्यानं आलेला हिरवा थर. दांड्याला यंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला आणि पाय मारले, तर पट्टी कुरकुरत फिरायला लागली.

मजा अशी, की चाक फिरवणारी हवा आणि पाती वाजवणारी हवा एकच. उजव्या हातानं नुसता एक सूर धरला तर चाकाला भरपूर ओढ मिळते, थरथर जलद. दहा बोटांनी भरगच्च कॉर्ड दाबला की पाती हवा खातात आणि पंखा मंदावतो. तो मंदावू नये म्हणून पाय जोरात मारावे, तर सगळाच आवाज चढतो. आमच्याकडे बरीच वर्षं ऑर्गन वाजवलेल्या मास्तरांना मी ह्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, “पंख्याला वारा कमी पडला की लोकांना कानानं कळतं, मला आधी पोटरीत कळायचं.” कॉर्ड सोडायच्या जरा आधी ते पाय हलका करत, म्हणजे सूर विझता विझता थरथरही विझायची. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मास्तरांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. त्यांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. लांब, बिनठेक्याची गाणी. कम्युनियनच्या वेळी पंखा लावला की छान बसायचा. मग व्हॅटिकनची दुसरी महासभा झाली, १९६३च्या डिसेंबरमध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या चर्चमध्ये मराठी गीतं आली. गीतांबरोबर ढोलकी आली, तबला आला. आणि मास्तरांच्या पंख्याचं ठेक्याशी जमेना. केरवा सेकंदाला अमुक ठोक्यांनी चाललाय, पंखा आपल्या हवेनं फिरतोय, दोघांचं कधी जुळतंय कधी नाही. “तबलजी माझ्याकडे बघायचा,” मास्तर म्हणाले, “मग मी खुंटी आत ढकलली ती ढकललीच.” धर्मशास्त्राच्या पुस्तकांत त्या महासभेचे पुष्कळ परिणाम लिहिलेले असतील. हा एक माझ्याकडून.

हीच पेटी त्याच्या कितीतरी आधी मराठी नाटकाच्या पिटातही बसली होती. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून सुरू झालेल्या परंपरेत आधी सारंगी होती, मग पेटी आली, मग पायांचा ऑर्गन. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला स्वतःची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढं थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन अशी साथ जमली. एकाच घाटाची अमेरिकन पेटी, इकडे माळ्यावर स्तोत्र वाजवतेय आणि तिकडे पिटात नाट्यपद. पण नाट्यपदाला पंखा लावून साथ करावी असं मला तरी वाटत नाही. गाणारा स्वतः आंदोलन घेतोय, मुरकी घेतोय. खालून यंत्राची थरथर आली की दोन आंदोलनं एकमेकांच्या पायात येतात.

हातपेटीतही ही खुंटी असते, हे कित्येक पेटीवाल्यांनाही आठवत नाही. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांच्या ‘द्वारकिन’नं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसून वाजवायची, एका हाताच्या भात्याची पेटी लोकप्रिय केली. तिच्यात पंख्याला जागा नव्हती. त्याऐवजी हवेच्या वाटेवर एक हलकी झडप तारेच्या स्प्रिंगवर लटकवली. खुंटी ओढली की येणारी हवा झडप उघडते, स्प्रिंग ती बंद करते, पुन्हा हवा उघडते, आणि आत फडफड सुरू. स्वस्त युक्ती आहे आणि आवाजही स्वस्तच निघतो, खरं सांगायचं तर. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि १९७१ पर्यंत ते किलकिलंही केलं नाही. आक्षेप मुख्यतः तिच्या ठाम, न हलणाऱ्या स्वरांवर होता, मींड निघत नाही ह्यावर. त्या आक्षेपाला ही फडफड हे काही उत्तर नव्हे. भजनी मंडळांना आणि आम्हा चर्चवाल्यांना त्या बंदीचं सोयरसुतक नव्हतं. दोघांकडे पेटी रेडिओला न विचारता वाजत राहिली.

आता बेंजो. ह्यावर मी जरा रेंगाळणार, कारण माझं निम्मं घर त्यावर चालतं.

आमच्याकडे बेंजो म्हणतात तो अमेरिकन बँजो नव्हे, बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं १९१२ साली तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं: लांबट पेटी, तारा आणि तारांवर दाबायच्या टाइपरायटरसारख्या कळा. त्याचाच हा भारतीय अवतार. पाचूबंदरापासून अर्नाळ्यापर्यंत कोळीवाड्यात हळद असो, गणपती असो, बेंजो पार्टी आल्याशिवाय रस्ता हलत नाही. टेम्पोवर जनरेटर, स्पीकरचे डबे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मागं ढोल, आणि पुढं गळ्यात बेंजो अडकवलेला माणूस. सगळी सत्ता त्याची. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजव्या हातात प्लास्टिकची पट्टी.

ह्या वाद्याची अडचण अशी, की तार छेडली की आवाज लगेच मरतो. कोळीगीताची लांब ओळ त्यावर धरायची कशी? उपाय एकच: पट्टी त्याच तारेवर वर-खाली, वर-खाली, सेकंदाला आठ-दहा फटके. सूर तुटक असतो, पण कान तो सलग जोडून घेतो. मेंडोलिनवालेही हेच करतात. ट्रेमोलोचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दमवणारा मार्ग, कारण इथं वेगाची कळ मनगटात आहे. मिरवणूक रात्री नऊला निघून मध्यरात्रीपर्यंत चालली की त्या मनगटाचं काय होत असेल! मी चांगल्या बेंजोवाल्यांची रेकॉर्डिंग मोठी करून लाटा पाहिल्या आहेत. फटके एका अंतरावर नसतात. ओळीच्या सुरुवातीला विरळ, समेकडे जाताना दाट, आणि सम आली की एक मोठा फटका आणि हात उचललेला. नाचणारा त्या दाटीवर उडी घेतो. कुणी मोजत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

ह्या आवाजावर जेव्हा एखादा उत्साही मुलगा वरून कॉम्प्युटरचा ट्रेमोलो लावतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मनगटाची एक थरथर, यंत्राची दुसरी. दोघींचे वेग जवळ आले की तिसरीच एक मंद घरघर तयार होते, घंटेतल्या त्या दोन सुरांसारखी. पण घंटेत ती शोभते. बेंजोत वाटतं की जनरेटर गळपटतोय.

मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत थरथरीला मोटर मिळाली. व्हायब्राफोन हे १९२०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलेलं वाद्य: धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, आणि नळ्यांच्या तोंडाशी विजेच्या मोटरनं फिरणाऱ्या चकत्या. आमच्या ऑर्गनमधल्या पट्टीचाच चुलतभाऊ, फक्त पायांऐवजी वीज. हिंदी सिनेमात बुजी लॉर्ड हे वाद्य वाजवत. वडील कावस आणि भाऊ केर्सी हेही त्याच धंद्यातले मातबर वादक. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रात्र झाली, नायिका खिडकीशी आली, की मागं जो गार, हेलकावणारा आवाज येतो तो बहुतेक वेळा ह्याच वाद्याचा.

गिटारची गोष्ट लवकर सांगून टाकतो, कारण ती सगळीकडे सांगितलेली असते. चाळीसच्या दशकात अमेरिकेत दी-आर्मंडचा एक डबा मिळायचा. त्यात मोटर एक छोटी कुपी हलवायची, कुपीत वीज वाहून नेणारा द्रव; तो हिंदकळून तारेला लागला की थोडा आवाज जमिनीत जायचा, मागं गेला की परत यायचा. गिटारवाल्या बो डिडलीनं तोच वापरला. १९५५मध्ये फेंडर कंपनीनं ट्रेमोलक्स हा अँप्लिफायर काढला, त्यात हे सगळं आतच बसवलेलं. साठच्या दशकात निऑनचा बारीक दिवा लुकलुकायचा आणि शेजारचा प्रकाशाला जागणारा तुकडा त्या तालात आवाज कमी-जास्त करायचा. इथं पहिल्यांदा वेग एका गोल बटणावर आला: फिरवा, सोडा, विसरा. वाजवणारा दमो की घामाघूम होवो, बटणाला काही नाही.

आणि मग कॉम्प्युटर. आता वेग बटणावरही नाही, गाण्याच्या घड्याळाला बांधलेला. प्लगइन उघडलं की बहुतेकदा गाण्याच्या लयीशी जोडणारी खिट्टी आधीच लावलेली असते. मिनिटाला १२० ठोके म्हणजे सेकंदाला दोन. कोळीगीताची चाल तिनाच्या झोक्यावर असते, म्हणून प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, म्हणजे सेकंदाला सहा. प्रत्येक थरथर नेमकी मात्रेवर. मास्तरांचा तबलजी ह्यावर खूश झाला असता. मी होत नाही. थरथर लयीला चिकटली की कान तिला थरथर म्हणून ऐकतच नाही, आणखी एक ताशा वाजतोय असं धरतो. नाचाच्या गाण्यात ते चालून जातं, कधी हवंही असतं. पण सूर जिवंत राहावा म्हणून लावायचा असेल तर खिट्टी काढायची, वेग साडेपाचच्या आसपास ठेवायचा, खोली एक तृतीयांशाहून कमी, आणि शक्य तर वेगालाच अधूनमधून थोडं ढकलायचं. साडेपाच आणि सहा दर दोन सेकंदांनी एकत्र येतात आणि पुन्हा फाकतात. तेवढी फाक मला पुरते.

गेल्या नाताळाच्या आधी मी माळ्यावरच्या ऑर्गनचे सूर एकेक करून रेकॉर्ड केले. दुपारी, दोन मिस्सांच्या मधे, चर्चमधले विजेचे सगळे पंखे बंद करून, कावळ्यांना शिव्या देत. प्रत्येक सूर दोन तऱ्हांनी: पाय हलका असताना पंखा सेकंदाला चारच्या आसपास फिरतो, पाय जोरात असताना सहाच्या पुढं जातो. पाय मारायला मास्तरच बसले, माझ्या पायांनी ते होत नव्हतं. ते सूर कीबोर्डवर चढवले. पट्टी जोरात दाबली की जलद पंखा, हळू दाबली की मंद.

त्यांचा पहिला उपयोग चर्चमध्ये झाला नाही. नायगावच्या एका पार्टीचं हळदीचं गाणं आलं होतं, त्यात बेंजोच्या खाली लांब सूर हवा होता. मी हाच लावला, बेंजोला स्पर्श केला नाही. मला तरी फार गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन.

“दादा, गाणं मस्तच आहे. पण मागं तो बाजा आहे ना, त्याचा आवाज वरखाली होतोय. लेव्हल करून द्याल का?”

“अरे, ते मुद्दाम आहे.”

“मुद्दाम असेल हो. पण लग्नात डीजेवाला म्हणेल माझा स्पीकर गेला, आणि मग तो पैसे कापेल.”

हिशोब बरोबर होता त्याचा. मी दोन फायली दिल्या: यूट्यूबला पंख्यासकट आणि डीजेला पंख्याशिवाय.